कच्छच्या किनाऱ्यानं आडवाटेनं : मांडवी ते लखपत, साधी गाडी आणि सोबत आप्पा

अनेरकाठ
मंडळी, मदत हवी आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चोपड्याहून स्वतःच्या गाडीनं कच्छला निघायचं ठरवतोय. भूज, धोर्डो, तंबूनगरी हा नेहमीचा फेरा नको आहे. मांडवीपासून समुद्र डाव्या हाताला ठेवत सुथरी, नलिया, पिंगलेश्वर, नारायण सरोवर, कोटेश्वर आणि टोकाला लखपत, असं आतल्या रस्त्यांनी जायचंय. येताना माता नो मढ, नखत्राणा. दिवस उरले तर खावड्यावरून धोलावीरा.

कारणही सांगतो. आमच्या शेतात मी लहान असल्यापासून कच्छचे रबारी मेंढ्या बसवतात. गावात सगळे त्यांना काठेवाडी म्हणतात, पण ते स्वतःला कच्छीच म्हणवतात. उंटावर उलटी खाट, खाटेत पोरं आणि नुकती जन्मलेली कोकरं, असा तो काफिला बांधावरून येताना दिसला की आप्पा, म्हणजे माझे वडील, हातातलं काम टाकून उठतात. त्यांच्यातल्या एका आजोबांशी आप्पांची चाळीस वर्षांची ओळख आहे. दर वर्षी निघताना आजोबा म्हणायचे, "पाटील, एक वार अमारे गाम आवो." आप्पा आता ७४ वर्षांचे आहेत. या दिवाळीत पहिल्यांदाच म्हणाले, "जाऊन येऊ."

गाडी नऊ वर्षं जुनी, लहान, डिझेलची. पोट जमिनीला जवळ. ती तिकडे चालेल का, हा मुख्य प्रश्न. आणि आठ दिवस पुरतील का?

शेवभाजी_स्पेशल
पुरतील, पण जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस जातात हे धरून चला. अहमदाबाद ते भूजच सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आणि भाऊ, गुजरातेत गोड डाळ मिळते. आमच्याकडची फौजदारी डाळ डब्यात नेता आली असती तर बरं झालं असतं.

गोमाई
चोपड्याहून धुळे, नवापूर, सुरत असा वळसा कशाला घालता? बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता तुमच्या दारावरूनच जातो की. शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, मग सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग करत सरळ अंकलेश्वर. पुढे नर्मदा ओलांडली की भरूच. आडवाटेचीच हौस असेल तर ती घरापासूनच सुरू करा. फक्त सागबाऱ्याच्या पुढे घाट आणि जंगल आहे, तो पट्टा उजेडात काढा. रस्ता कुठे गुळगुळीत तर कुठे उखडलेला असतो, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी कोणा ट्रकवाल्याला विचारून घ्या.

पांझरा_पूल
मी उलट सांगेन. धुळ्यावरून सुरत आणि पुढे हजिऱ्याला जा. तिथून गाडीसकट बोटीनं घोघ्याला उतरता येतं. २०२० च्या नोव्हेंबरपासून ही सोय आहे. चारेक तास समुद्रावर आप्पांचे पाय मोकळे राहतील. घोघ्याहून भावनगर, राजकोट, मोरबी, सामखियाळी. अहमदाबादची गर्दी टळते.

गोमाई
@पांझरा_पूल, बोटीत गाडी चढवायला आधी जाऊन थांबावं लागतं, उतरायलाही वेळ लागतो. आणि वेळापत्रक भरती-हवामानावर हलतं. वेळ वाचत नाही.

पांझरा_पूल
वेळ वाचतो असं मी म्हटलंच नाही. ७४ वर्षांचा माणूस आठ तास एकाच सीटवर बसतो, की बोटीवर फिरत चहा पितो, एवढाच मुद्दा आहे.

नवापूर_निम्मं
धुळ्यावरून गेलात तर नवापूर स्टेशन बघून जा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकावर बसलं की एक पाय इकडे आणि एक तिकडे. हो, आणि डिकीत बाटली वगैरे असेल तर ती घरीच ठेवा. पलीकडे दारूबंदी आहे.

काळी_माती
एक शंका. तुम्ही डिसेंबरात जाणार. काठेवाडी तर डिसेंबरात आपल्याकडे असतात! आमच्या अमळनेर तालुक्यात कापूस वेचून झाला की त्यांचे वाडे पडायला लागतात. तिकडे जाऊन भेटणार कोणाला?

अनेरकाठ
@काळी_माती, बरोबर पकडलंत. आजोबा सहा वर्षांपासून येत नाहीत, गुडघे गेलेत. मुलगे येतात, या घडीलाही आमच्याच शिवारात आहेत. त्यांच्याकडूनच गावाचं नाव घेतलंय, नखत्राणा तालुक्यात आहे. पण नकाशावर नीट सापडत नाही.

सीमेवरचा_गडी
मी चाळीसगावचा. निमलष्करी दलात होतो, त्यातली काही वर्षं कच्छमध्ये काढली. आता निवृत्त आहे. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

गाव नकाशावर सापडत नाही, कारण ती बहुधा वांढ असेल. तिकडे मालधारी, म्हणजे गुरं-मेंढ्या पाळणाऱ्या लोकांच्या वस्तीला वांढ म्हणतात. पाच-पंचवीस घरं असतात आणि मुख्य गावापासून तीन-चार किलोमीटर आत. जवळच्या मोठ्या गावाचं नाव घ्या आणि तिथे चहाच्या टपरीवर आजोबांचं नाव सांगा. माणूस दुचाकीवर पुढे होऊन तुम्हाला दारात नेऊन सोडेल. मला एकदा असंच नेऊन सोडलं होतं, वर ताक पाजल्याशिवाय परत जाऊ दिलं नाही.

आता गाडीचं. डांबरी रस्त्यावर लहान गाडीला काहीही अडचण नाही. कच्छचे रस्ते आपल्या तालुक्यातल्या रस्त्यांपेक्षा चांगले आहेत. सीमेमुळे आणि खाणी-बंदरांमुळे ते तसे ठेवावे लागतात. अडचण रस्ता सोडल्यावर येते. रणाची जमीन वरून पांढरी, कडक, क्रिकेट खेळावं अशी दिसते. खाली ओला काळा चिखल असतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोरीच्या खाडीतून समुद्राचं पाणी आत ढकलतो, त्यात पावसाचं आणि नद्यांचं पाणी मिसळतं, आणि जमीन इतकी सपाट की ते महिनोन्‌महिने हलत नाही. हिवाळ्यात वरचं पाणी उडून जातं, मीठ उरतं. डिसेंबरात वरची खपली वाळलेली असली तरी खालचा गाळ ओलाच. चाक रुतलं की गाडी पोटावर बसते. तुमची काय, मोठी चारही चाकांची गाडीही बसते. मी ट्रॅक्टर लावून काढलेल्या आहेत.

लखपत हा सीमेलगतचा तालुका आहे. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. चौकीवर विचारलं तर सरळ सांगा कुठून आलो, कुठे चाललो. चौक्या, टेहळणी मनोरे, जवान यांचे फोटो काढू नका आणि ड्रोन तर नेऊच नका. संध्याकाळनंतर तिथल्या रस्त्यांवर गाडी चालवू नका: म्हशी, उंट, नीलगाय, आणि दिवे न लावता उभे ट्रक.

काळी_माती
@सीमेवरचा_गडी, रणाचं वर्णन वाचून आमची काळी जमीन आठवली. वरून भेगाळलेली, आणि रोहिणीचा एक पाऊस पडला की चप्पल चिखलात आणि पाय बाहेर.

सीमेवरचा_गडी
अगदी. फक्त तिथे ते मीठ आहे आणि मदतीला दहा किलोमीटरवर माणूस नाही.

उन्मेष_टायरवाला
माझं भुसावळात टायरचं दुकान आहे, म्हणून टायरचंच सांगतो. कच्छमध्ये वेड्या बाभळीचं रान माजलंय. तिकडे गांडो बावळ म्हणतात, अर्थ तोच. १९६० च्या दशकात रण पसरू नये म्हणून बन्नीच्या गवताळ पट्ट्यात वनखात्यानं ती पेरली, आणि तिनं गवतच खाल्लं. काटा लांब आणि टणक असतो. गाडी सावलीसाठी बाभळीखाली लावली की सकाळी चाक बसलेलं. रस्त्याच्या कडेला उतरताना आधी खाली बघा.

स्टेपनीत हवा आहे का ते आजच तपासा. अर्ध्या लोकांच्या स्टेपनीत हवा नसते. ट्यूबलेस असेल तर पट्टी घालायचा संच आणि हवेचा छोटा पंप घ्या, दोन्ही मिळून मोबाइलच्या कव्हराइतक्या जागेत बसतं असं नाही, पण सीटखाली बसतं. आणि परत आल्यावर गाडी खालून साध्या पाण्यानं धुवा. वरून नाही, खालून. मीठ सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या खातं. ते दोन महिन्यांनी दिसतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

बिबडे_कुरडई
आम्ही दोघी बहिणी दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हर घेऊन हाच पट्टा फिरलो. कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते: नलियाच्या पुढे स्वच्छतागृहांचा प्रश्न आहे. पेट्रोल पंप दिसला की गरज असो वा नसो, थांबायचं. घरातल्या बायका येणार असतील तर हे डोक्यात ठेवून टप्पे आखा. नखत्राणा, दयापरला टाकी भरून घ्या, काट्यावर भरवसा ठेवू नका.

राहण्या-जेवण्याची मात्र काळजी नको. नारायण सरोवरला धर्मशाळा आणि अन्नक्षेत्र आहे. माता नो मढला आशापुरा मातेच्या देवस्थानात येईल त्याला जेवण मिळतं. लखपतच्या गुरुद्वारात लंगर. बाजरीचा रोटला, खिचडी, कढी. शेवभाजी_स्पेशल यांना कढी गोड लागेल, पण त्यांनीही दुसऱ्यांदा मागितली असती.

थंडीचे कपडे विसरू नका. वाळवंट म्हणून आम्ही पातळ शाली नेल्या. नलिया हे गुजरातच्या सगळ्यात थंड ठिकाणांपैकी आहे, पारा एक आकड्यावर येतो. रात्रभर दोघी एका रजईत.

हतनूरची_पाणकोंबडी
नलियाच्या गवताळ रानातून जाणार आहात तर एक कळकळीची विनंती. तिथे माळढोक आहे. म्हणजे होता असं म्हणायची वेळ आली आहे, कच्छमध्ये आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्या उरल्यात. हा जड पक्षी आहे, समोरची बारीक तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी वळता येत नाही. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांच्या वीजतारांना धडकून तो मेला. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालायला सांगितल्या होत्या, त्यावरून पुढे बराच वाद झाला. साक्रीकडच्या लोकांना पवनचक्क्या नव्या नाहीत, ब्राह्मणवेलला आपणही डोंगरच्या डोंगर भरलेत. पण तिकडच्या गवतात एका अंड्याची किंमत काय आहे हे कळलं की छाती दडपते. गाडी गवतात घालू नका, माळढोक शोधत फिरू नका.

त्याऐवजी नखत्राण्याच्या वर छारीढंढला जा. पावसाळ्याच्या पाण्याचं उथळ तळं आहे, २००८ मध्ये संरक्षित झालं. हिवाळ्यात क्रौंच हजारोंनी उतरतात. संध्याकाळी ते रांगांनी परततात तेव्हा आवाज आधी येतो, पक्षी नंतर दिसतात. आजोबांचं गाव त्याच तालुक्यात आहे म्हणता, मग सोडू नका.

तोरणा_नव्हे_तोरणमाळ
एवढं लांब जाऊन समुद्रच बघायचा तर कोकण काय वाईट? नारळ तरी असतात.

अनेरकाठ
@तोरणा_नव्हे_तोरणमाळ, कोकणात आमच्या मेंढ्यांवाल्या आजोबांचं घर नाही हो.

जुना_पिंपळ
लखपतला जाताय तर तिथला इतिहास माहीत असू द्या, नाहीतर नुसती भिंत दिसते. सात किलोमीटरांचा कोट, फतेह महंमद जमादारानं १८०१ मध्ये बांधला. सिंधूचा एक फाटा तेव्हा इथे येत होता, सिंधशी व्यापार चाले. रोजची जकात एक लाख कोरी, म्हणून लखपत, असं सांगतात. कोरी म्हणजे कच्छचं नाणं. मग १६ जून १८१९ चा भूकंप. उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर लांबीचा मातीचा बांध जमिनीतून वर आला. माणसानं बांधला नाही म्हणून लोक त्याला अल्लाह बंद म्हणतात. सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला, नदीनं वाट बदलली. पाणी गेलं, मग व्यापार गेला, मग माणसं गेली. कोट तसाच आहे, आत मोजकी घरं.

गुरुद्वारा जरूर बघा. गुरू नानक प्रवासात तिथे थांबले होते असं मानतात. २००१ च्या भूकंपात तो पडझडला, आणि डागडुजी इतकी जपून केली की २००४ मध्ये युनेस्कोचा वारसा जतनाचा पुरस्कार मिळाला. तटावर संध्याकाळी चढा. समोर काहीच नाही. झाड नाही, होडी नाही, दिवा नाही. मी पन्नास देश फिरलेला माणूस नाही, पण तिथे जसा गप्प बसलो तसा कुठे बसलो नाही.

सीमेवरचा_गडी
उजेडाचा हिशेब: तिकडे आपल्यापेक्षा सकाळी अर्ध्या तासानं उशिरा उजाडतं, संध्याकाळी वीसेक मिनिटं जास्त मिळतात. सहाला निघू म्हणाल तर अंधारातच निघाल.

एकमुखी
सारंगखेड्याचा आहे. दत्तजयंतीला आमच्याकडे घोड्यांची यात्रा, तिकडूनही घोडे येतात. तुम्ही डिसेंबरातच जाताय तर खावड्याच्या पुढे काळो डुंगर चुकवू नका. कच्छमधला सगळ्यात उंच डोंगर, साडेचारशे मीटरच्या वर, आणि माथ्यावर दत्ताचं देऊळ. आरतीनंतर तिथे कोल्ह्यांसाठी भात ठेवतात, पुजारी हाक मारतो. मी गेलो त्या दिवशी एकच आला, खाल्लं आणि गेला. वरून पांढरं रण दिसतं. आप्पा दत्तभक्त असतील तर तिथून हलणार नाहीत.

पांझरा_पूल
आणि खावड्याहून धोलावीऱ्याला आता रणातूनच सरळ रस्ता आहे, तीसेक किलोमीटर दोन्ही बाजूंना पाणी नाहीतर मीठ. पूर्वी भचाऊ-रापरवरून वळसा होता. धोलावीरा २०२१ मध्ये जागतिक वारशात आलं. वर्षाला पाऊस नावाला पडतो अशा जागी हडप्पाच्या लोकांनी दगडात खोदलेले हौद बघितले की आपल्या जळगाव-धुळ्याच्या पाणीटंचाईच्या बैठकांना ते दाखवावेत असं वाटतं. पण आठ दिवसांत हेही आणि ते किनाऱ्याचंही जमणार नाही. एक निवडा.

बोरी_पट्टा
भाऊ, आप्पाले लई जा. मन्हा बापनं पंढरपूर ऱ्हायी गयं. बाकीनं बठ्ठं नंतर देखाई जाई.

अनेरकाठ
@बोरी_पट्टा, वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. ठरलं. धोलावीरा यावेळी नाही. किनारा आणि आजोबा. जाताना बोटीनं, येताना अंकलेश्वर रस्त्यानं; दोघांचंही ऐकलं. स्टेपनीत खरंच हवा नव्हती.

आजोबांच्या मुलांना शेतात जाऊन सांगितलं. त्यांनी घरच्यांसाठी एक गाठोडं दिलंय. आईनं कळण्याचं पीठ आणि बिबडे बांधलेत.

बिबडे_कुरडई
बिबड्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवा. डिकीत ठेवले तर भुगा होऊन पोचतील.

अनेरकाठ
परत आलो. नऊ दिवस लागले. सगळ्यांचे मनापासून आभार, आता हिशेब देतो.

गाडीला काही झालं नाही. दोन पंक्चर, दोन्ही बाभळीचीच. एक पिंगलेश्वरला मी किनाऱ्याजवळ पायवाटेवर गाडी घातली तेव्हा, दुसरं वांढीच्या दारात. मांडवी ते नलिया रस्ता उत्तम. त्यापुढे कोळसा-मिठाचे ट्रक आणि पवनचक्कीची पाती नेणारे लांबलचक ट्रेलर, वळणावर त्यांना आधी जाऊ द्यावं. रोज संध्याकाळी पाचच्या आत मुक्कामाला पोचलो, हा नियम एकदाही मोडला नाही.

कोटेश्वरला देवळामागे जमीन संपते. आप्पांनी समुद्र पहिल्यांदा हजिऱ्याला बोटीवर पाहिला, तेव्हा काही बोलले नाहीत. कोटेश्वरला म्हणाले, "पाणी एवढं, आणि पिण्याचं घोटभर नाही." लखपतच्या तटावर चढायला त्यांना दहा-बारा मिनिटं लागली. जुना_पिंपळ, तुम्ही म्हणालात तसंच झालं. तिथून आम्ही दोघं अंधार पडायच्या थोडं आधी उतरलो.

सीमेवरचा_गडी यांनी सांगितलं तसं टपरीवर नाव सांगितलं. एक पोरगा दुचाकीवर पुढे झाला. आजोबा अंगणात खाटेवर बसले होते, डोळ्यांना कमी दिसतं. आप्पांनी हाक मारल्यावर पहिला प्रश्न, "पाटील, विहिरीला पाणी किती?" मग बांधावरचा लिंब आहे का, तांबड्या बैलाच्या वंशातलं काही उरलं का, नाल्याकडची सहा बिघे जमीन अजून आपलीच ना. आमच्या शेतातला प्रत्येक बांध त्या माणसाला पाठ आहे. मला नाही. दोन रात्री राहिलो. छारीढंढला त्यांच्याच नातवानं नेलं. क्रौंचांचा आवाज खरंच आधी येतो.

निघताना त्यांनी मुलांसाठी उंटाच्या केसांची वळलेली दोरी दिली. काल ती शेतात नेऊन दिली.

उन्मेष_टायरवाला
गाडी खालून धुतली का?

अनेरकाठ
धुतली. दोनदा. पहिल्या वेळी पाणी पांढरं निघालं.

काळी_माती
बिबडे कसे पोचले?

अनेरकाठ
अख्खे. आजीनं तळून त्याच संध्याकाळी वाढले, आणि विचारलं की हे ज्वारीचेच ना, तुमच्या वरच्या वावरातल्या.